मामाच्या पलंगाखालचा रेडिएटर

“हात काढा तिथून — आधी हात काढा!”

रघद पिकअपमधून खाली उतरायच्या आतच ओरडली होती. अम्मानजवळ नाऊरच्या चढावर रस्त्याच्या कडेला हस्तिदंती रंगाची एक जुनी जर्मन गाडी बॉनेट उघडून उभी होती. आतून वाफेचे लोट येत होते आणि एक उंच तरुण हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होता. तो दचकून मागे सरला. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी थेट त्याच्या तोंडावर आलं असतं. आणि ते तोंड वाया घालवण्यासारखं नव्हतं, हे रघदच्या लक्षात आलं, पण जरा नंतर.

“रुमाल होता की हाताला,” तो म्हणाला.

“आणि चेहऱ्याला?”

“चेहऱ्याची काळजी आमच्याकडे आई करते.” मग हसून म्हणाला, “तुम्हाला देवानंच पाठवलेलं दिसतंय.”

“मला बाबांनी पाठवलंय. होज पाइप आणायला.”

त्याचं नाव औन. अम्मानच्या एका दवाखान्यात तो कृत्रिम पाय बनवायचा, बहुतेक लहान मुलांसाठी. गाडी आजोबांची होती. त्यांनी ती अम्मान ते दमास्कस टॅक्सी म्हणून वीस वर्षं पळवली होती. आता औनला जर्मनीत दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, तीन वर्षं वाट पाहून, आणि त्याचा सगळा खर्च या गाडीच्या विक्रीतून निघायचा होता. गिऱ्हाईक कुवेतचं, जुन्या गाड्यांचं शौकीन. त्याची एकच अट होती. येत्या शनिवारी भर दुपारी गाडी समुद्रसपाटीच्याही खूप खाली असलेल्या मृत समुद्राच्या काठावरून निघून, कुठेही न तापता, थेट अम्मानपर्यंत चढून आली पाहिजे. आज रविवार होता. आणि पुढच्या मंगळवारी औनचं विमान होतं.

रघदनं वाकून आत पाहिलं. ती बयादरच्या कारखान्यांच्या वस्तीत वडिलांबरोबर रेडिएटरचं दुकान चालवायची. तिथे वडिलांना सगळे उस्ताद म्हणायचे आणि तिला उस्तादची मुलगी. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ती झाळकाम करत होती, त्यामुळे एका नजरेत तिला कळलं की हा तांब्याचा रेडिएटर संपला आहे. डागावर डाग दिलेले, जाळी कुजलेली, अर्ध्या नळ्या चेपून बंद केलेल्या. याला अ‍ॅल्युमिनियमचा नवा रेडिएटरच हवा, आणि या गाडीच्या मापाचा तयार मिळत नाही. परदेशातून करून मागवला तर दीड महिना.

हे सगळं तिनं त्याला सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. या मापाचा नवाकोरा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर तासाभराच्या अंतरावर, सल्त गावात, तिच्या मामाच्या पलंगाखाली खोक्यात पडून होता. मामाकडे हीच गाडी होती आणि रेडिएटरची मापं रघदनंच घेऊन तुर्कस्तानला पाठवली होती. खोका आला त्याच महिन्यात डॉक्टरांनी मामाच्या डोळ्यांमुळे गाडी चालवायला बंदी केली. त्यानंतर तिघं जण तो विकत मागायला आले आणि तिघांनाही मामानं दारातूनच वाटेला लावलं. म्हणजे सांगून उपयोग नव्हता. रविवारी तरी रघदच्या गप्प बसण्याचं कारण एवढंच होतं, खरंच.

पण सोमवार आला, मंगळवार आला…

ते दोघं तिच्या पिकअपमधून भंगारबाजार पालथे घालत फिरले. आधी झरका, मग सहाब. औन जाळीजाळीला मोजपट्टी लावायचा आणि ती लांबूनच मान हलवायची. दुपारी टपरीवर तीळ लावलेला पाव, उकडलेलं अंडं आणि झातर, म्हणजे सुक्या रानपाल्याची तीळ घातलेली पूड. वर सुगंधी सेजच्या पानांचा चहा. साखर किती, हे त्यानं दुसऱ्या दिवसापासून विचारलं नाही, लक्षात ठेवलं. सांध्याच्या जागी पाय कसा बसवतात, माप एका केसानं चुकलं तर पोराला कसा चिमटा बसतो, हे तो हातवारे करून सांगायचा. ऐकता ऐकता ती हातांकडेच बघत राहायची आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर बघायची.

“तुम्ही माणसांचे सुटे भाग बनवता, मी गाड्यांचे,” ती एकदा म्हणाली. “तुमचं गिऱ्हाईक निदान बोलतं तरी.”

“तुमचं वाफ सोडतं. तेवढं पुरे की.”

“आणि कुणाकुणाला तेही कळत नाही. झाकण उघडायला जातात.”

तो हसला. आता रघदच्या गप्प बसण्याचं कारण मामा नव्हता. रेडिएटर मिळाला की गाडी चढणार, गाडी चढली की विकली जाणार, आणि मंगळवारी हा माणूस विमानात बसणार. इतका सरळ हिशोब होता तो. रोज रात्री ती ठरवायची की उद्या सांगून टाकायचं, आणि रोज सकाळी तो दुकानाच्या दारात तिच्यासाठी गरम पाव घेऊन उभा असायचा, की संपलंच सगळं. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

गुरुवारी सहाबच्या शेवटच्या भंगारवाल्यानंही हात वर केले. औन एका टायरवर बसला. त्याच्या तळहाताला पत्र्यानं कापलं होतं. रघद पट्टी बांधत होती आणि तो तिच्या खाली झुकलेल्या डोक्याशी बोलल्यासारखा हळूच बोलला.

“एक सांगू? मला रोज सकाळी वाटतं… आज मिळू नये. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातातून जातंय, आणि मला वाटतंय की मिळूच नये. वेडाच झालोय मी.”

रघदचे हात थांबले. हेच तर तिला ऐकायचं होतं, चार दिवस. तिनं पट्टीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

“आहे,” ती म्हणाली. “रेडिएटर आहे. सल्तला. माझ्या मामाच्या पलंगाखाली.”

त्याला आधी काही कळलंच नाही.

“कधी कळलं तुम्हाला?”

“रविवारी. तुमच्या वाफेत उभी होते, तेव्हापासून माहीत आहे.”

तो उठला. दोन पावलं गेला, परत आला. चिडला होता, आणि चिडल्यावर त्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘तू’ निघालं.

“चार दिवस मी भंगारात हात कापून घेतोय, आणि तू बाजूला उभी राहून माना हलवतेस? मी जाऊ नये असं वाटत होतं तर तसं म्हणायचं होतंस. लपवायचं कशाला?”

“म्हटलं असतं तर थांबला असतात,” ती म्हणाली. “म्हणून नाही म्हटलं.”

तिनं सांगितलं की मामा देईलच असं नाही, पण आपण आत्ता जाऊ. तो पिकअपमध्ये बसला आणि सल्त येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. आपण याला गमावलंय, असं रघदनं घाट चढता चढता मनाशी धरून टाकलं. निदान याची गाडी तरी चढू दे, एवढंच आता तिला हवं होतं.

मामाचं नाव अबू सत्ताम. माणूस खडूस, पण खडूसपणातही शिस्तीचा. घरी आलेल्याला आधी बसवायचं, मग कॉफी, मग बोलणं. मामीनं बिनदांड्याच्या इवल्या कपांत वेलदोड्याची कडू कॉफी ओतली. एक कप औनला, एक रघदला.

आता आमच्याकडची एक रीत आहे. काही मागणं घेऊन आलेला पाहुणा कप घेतो, पण पीत नाही. समोर ठेवून देतो. यजमानानं “पी” म्हटलं की मागणं मान्य झालं. नाही म्हटलं तर कप तसाच ठेवून उठायचं, आणि भरला कप ठेवून पाहुणा गेला तर घराची मान खाली जाते. त्यामुळे समोर ठेवलेल्या कपाला नाही म्हणणं सोपं नसतं. पलंगाखालचा खोका बाहेर निघायचा तर याच एका वाटेनं, हे रघदलाही ठाऊक होतं आणि औनलाही.

औननं कप समोर ठेवला.

मामाचे डोळे बारीक झाले. त्यानं आधी कपाकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग या परक्या मुलाकडे.

“बोल,” तो म्हणाला. “पण एका कपाला एकच मागणं. माझा बाप दोन मागणाऱ्याला एकही द्यायचा नाही, आणि मीही देत नाही.”

औन कपाकडे बघत होता. माग, रघद मनातल्या मनात म्हणत होती, माग तो रेडिएटर आणि जा बाबा एकदाचा…

“मला माझ्या घरची मोठी माणसं घेऊन रघदच्या वडिलांकडे यायचंय,” औन म्हणाला. “तिला मागणी घालायला. तुम्ही तिचे मामा आहात. त्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाका.”

मामीच्या हातातली कॉफीची किटली कशाला तरी आपटली. रघदचे कान तापले, गळ्यापर्यंत लाली चढली. आनंद झाला म्हणावं तर झाला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच क्षणी तिला रागही आला. कारण या शहाण्यानं आपला एकुलता एक कप तिच्यावर खर्च करून टाकला होता, आणि जर्मनी तिथेच सोडून दिली होती.

तिनं आपला कप उचलला आणि त्याच्या कपाशेजारी ठेवला.

“हे काय?” मामा म्हणाला. “तू घरची. घरच्यांनी कप ठेवायचा नसतो.”

“आज मी पाहुणी आहे, मामा. मलाही एक मागायचंय.” तिनं कप मामाकडे आणखी सरकवला. “पलंगाखालचा रेडिएटर. यानं मागायला हवा होता, यानं भलतंच मागितलं. म्हणून मी मागते. त्याला जायचंय, गेलंच पाहिजे. तिकडून शिकून आला तर किती पोरं चालतील. आणि गाडी चढली नाही म्हणून जो माझ्यापाशी राहील, तो नवरा मला नको.”

औन तिच्याकडे बघतच राहिला.

मामा जे बोलला ते रघदला नाही, मामीलाही नाही, जमिनीला उद्देशून बोलला. “तो खोका तिथे आहे तोवर मी गाडी सोडलेली नाही. डोळे बरे होतील, बसवू, असं म्हणतो रोज. दिला की संपलं.” मामी त्याच्या शेजारी येऊन बसली. झाडताना त्या खोक्याला तिची बोटं रोज आपटतात आणि रोज ती गप्प बसते, एवढंच ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पी,” मामा अखेर म्हणाला, भाचीला. मग औनकडे वळला. “तू पिऊ नकोस. तुझं मागणं माझ्या हातात नाही, तिच्या बापाच्या हातात आहे. शब्द टाकीन. पण माझा मेहुणा माझं ऐकतो अशा भ्रमात राहू नकोस.”

रघदनं कॉफी एका घोटात संपवली. गार झाली होती आणि कडू जहर होती. मग ती आणि औन, दोघं पलंगाखाली वाकून खोका ओढू लागले. तिथल्या अंधारात त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि दोघांनीही हात मागे घेतला नाही… मामा बाहेरून खाकरेपर्यंत.

शुक्रवारी दुकान बंद असतं, पण त्या दिवशी उस्तादनं उघडलं. रेडिएटर मापाचा होता, तो गाडीला अडकवायच्या पट्ट्या नव्हत्या. आजोबांच्या टॅक्सीला कधीतरी समोरून धडक बसून सगळं दोन बोटं सरकलं होतं. रघदनं आरगॉन वेल्डिंगचं मशीन लावलं. अ‍ॅल्युमिनियम फसवं असतं. लोखंडासारखं लाल होत नाही, तापलंय याचा पत्ता लागू देत नाही, आणि मग एकदम वितळून हातातून जातं. हे तिनं औनला सांगितलं, कारण पट्टी धरायला तोच होता.

“ओळखीचं वाटतंय,” औन म्हणाला.

“हलू नका.”

“‘हलू नकोस’ म्हण. कालपासून आपण ‘तू’वर आलोय.”

“हलू नकोस. भोक पडलं तर शनिवारी तुला ढकलायला लावीन.”

दुपारी उस्ताद आणि औन दोघं नमाजाला गेले आणि नेहमीपेक्षा तासभर उशिरा परतले. खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, लांबला असेल, असं तिला वाटलं. वडील मामाच्या शब्दाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. नळाचं पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं, म्हणून ते लांब ठेवून तिनं इंजिन गार ठेवणारं कूलंट मोजून भरलं, क्लिपा आवळल्या, पुन्हा आवळल्या. रात्री झोप लागली नाही.

शनिवारी दुपारी मृत समुद्राच्या काठावर हवा भट्टीतल्यासारखी होती. कुवेतचं गिऱ्हाईक औनच्या शेजारी बसलं, हातात जपमाळ. रघद पिकअप घेऊन मागे. गाडी निघाली. तिची नजर हस्तिदंती बॉनेटच्या कडेवरून हलत नव्हती. पांढरी रेघ दिसली की संपलं. पहिलं वळण, दुसरं, पाचवं… उंचीनं कान दुखायला लागले म्हणजे निम्मं वर आलो. चढ, ती म्हणत होती, चढ ग बाई. आणि मनाचा एक कोपरा अजूनही म्हणत होता की थांब. त्या कोपऱ्याला तिनं शिव्या घातल्या.

तेवढ्यात गाडी खरंच थांबली.

रघद धावत गेली तर गिऱ्हाईक जागा बदलत होतं. त्याला स्वतः चालवून बघायची होती. औन मागच्या सीटवर गेला, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. तो माणूस खड्या चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत निघाला, आणि त्या इंजिनाचा आवाज ऐकताना मागे रघदनं अख्खा रस्ता दातांनी ओठ दाबून काढला. तापमानाचा काटा कुठे आहे हे तिला दिसत नव्हतं. तिनं बसवलेला रेडिएटर आणि वर आकाश, बाकी कुणाचा भरवसा नव्हता.

अम्मानची पहिली घरं आली. गाडी कडेला घेतली गेली. तिनं जाऊन बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं, उन्हात उभ्या गाडीचं असतं तेवढंच. काट्यानं मधली खूण ओलांडली नव्हती. गिऱ्हाईकानं खाली उतरून औनशी हात मिळवला आणि विचारलं की हे काम कुणाचं. औननं तिच्याकडे बोट दाखवलं.

झालं. विकली गेली गाडी. रघद पिकअपमध्ये जाऊन बसली आणि स्टिअरिंगला घट्ट धरून राहिली. रडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. थोड्या वेळानं शेजारचं दार उघडलं आणि औन आत बसला.

“मंगळवारी जातोय मी.”

“माहीत आहे. जा. म्हणूनच तर…”

“ऐक तरी. माझे दोन काका आणि थोरला मामा आत्ता तुझ्या घरी बसलेत. काल नमाजानंतर मी उस्तादना विचारलं. ते म्हणाले, आधी गाडी वर येऊ दे, माझ्या मुलीचं काम बघतो, मग तुझं बोलणं बघतो. तुला सांगायला बंदी होती. तिघांसमोर कप भरून ठेवलेत आणि तुझे बाबा घड्याळ बघतायत.”

रघदला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. तिनं बाहीनं डोळे पुसले, गालाला ग्रीस लागलं.

“बाबांना विचारलंस, मामांना विचारलंस, काकांना गोळा केलंस,” ती म्हणाली. “आणि मला?”

हे मात्र खरंच राहून गेलं होतं. औन तिच्याकडे पुरता वळला. चार दिवस भंगारात, आणि आत्ता त्या चढावरही, तो इतका घाबरलेला दिसला नव्हता.

“रघद… दोन वर्षं थांबशील माझ्यासाठी?”

तिनं समोर पाहिलं. उन्हात रस्ता लखलखत होता.

“नाही,” ती म्हणाली. “नाही थांबणार.”

त्याचा चेहरा उतरला.

“दोन वर्षं कोण थांबतंय?” तिनं किल्ली फिरवली. “तिथेही रेडिएटर फुटत असतील ना? सहा महिन्यांत येते मी. तोवर जर्मन शीक, आणि मला शिकव.”

तिनं गाडी गिअरमध्ये टाकली आणि त्याला पट्टा लावायला सांगितलं, कारण बाबांना वाट पाहायला आवडत नाही.